ननेला कोण सांगणार?

मुलांनो, जरा डोळे मिटा. असं समजा, की तुम्ही सहा वर्षांचे आहात आणि घरात तुमची आजी आहे. तिच्या कुशीत तुम्ही झोपता, तिच्या ताटात जेवता, पहिला शब्दही तिच्याच तोंडून शिकलात. आता असं समजा, की एके दिवशी वडील कामावरून आले आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, "आजपासून या घरात आजीची भाषा बंद." आजी कुठे गेलेली नाही. समोरच बसली आहे. पण तिला दुसरी भाषा येत नाही, म्हणून तिच्याशी बोलायचंच नाही. किती वेळ जमेल तुम्हाला? जेवणापर्यंत? झोपेपर्यंत? तर्लानला ते नऊ महिने जमलं. ही तिचीच गोष्ट आहे.

आता डोळे उघडले तरी चालतील.

तर्लानचं घर मेयबोदला, फारसी बोलणाऱ्यांच्या वाळवंटी मुलखात. आजूबाजूला वाळू, मातीची घरं आणि फरश्यांचे कारखाने. त्यातल्याच एका कारखान्याच्या भट्टीवर तिचे बाबा, अय्यूब, कामाला होते. पण ही माणसं मूळची इथली नव्हेत. ती अहरकडची, डोंगरातली. तिकडे बर्फ दाराच्या कडीपर्यंत चढतं आणि घराघरांत तुर्की बोलतात. नोकरीपायी अय्यूब वाळवंटात आला, मागोमाग बायको नाहिदेला घेऊन आला, आणि वडील वारल्यावर आपल्या आईलाही घेऊन आला. तिचं नाव सनोबर. आजीला त्यांच्याकडे नने म्हणतात, म्हणून तर्लानची ती नने.

नने येताना गाठोडंभर लोकर घेऊन आली आणि मेयबोदच्या उन्हात बसून लोकरीचे मोजे विणू लागली. इथं मोजे घालणार कोण, असं सगळे म्हणत. ती हसे आणि पुढची जोडी सुरू करी. तर्लानकडे अशा अकरा जोड्या साठल्या होत्या. शेजारच्या बीबी तूबाला ननेनं एक जोडी दिली, तेव्हा ती म्हातारी भर उन्हाळ्यात मोजे घालून दारात बसली आणि पायांना पंख्यानं वारा घालत राहिली. काढले मात्र नाहीत. शेजारधर्म म्हणतात तो हा.

बीबी तूबा अस्सल यझदकडची, म्हणजे याच मुलखातली. तिची फारसीही तिकडच्या हेलाची, शब्द ओढत ओढत बोलायची. ननेला फारसी येत नव्हती आणि बीबीला तुर्की. तरी दोघी रोज दुपारी उंबऱ्यावर बसत. बीबी तासन्‌तास सुनेच्या कागाळ्या सांगे आणि नने सुयांचा टकटक आवाज करत मान हलवी. बीबी म्हणायची, "माझ्या सुनेपेक्षा हिलाच माझं जास्त कळतं."

आता तो नियम घरात कसा आला, ते सांगतो.

मेहेर महिन्यात, उन्हाळा सरून शाळा उघडतात तेव्हा, तर्लान बालवर्गात जाऊ लागली. पंधरा दिवसांत तिथल्या बाईंची चिठ्ठी आली. मुलगी हुशार आहे, पण तहान लागली की तुर्कीत पाणी मागते आणि पडली की तुर्कीत रडते. पुढच्या उन्हाळ्यात पहिलीच्या प्रवेशासाठी तपासणी आहे. तिथं डोळे बघतात, कान बघतात आणि मग चित्रं दाखवून प्रश्न विचारतात. तिथं असं झालं, तर पोरीचं नाव मंद मुलांच्या यादीत जाईल. घरी लक्ष द्यावं.

अय्यूबनं चिठ्ठी दोनदा वाचली. त्याच्या भट्टीवर दादमोहम्मद नावाचा एक बलुच होता. त्याच्या मुलाचं आदल्या वर्षी असंच झालं होतं. त्याला शेळीचं चित्र दाखवलं, त्यानं शेळीला बलुचीत जे म्हणतात ते सांगितलं, आणि कागदावर शेरा पडला की मुलाला शेळी ओळखता येत नाही. दादमोहम्मद जेवताना सगळ्यांना सांगायचा, "शेळीच्या दुधावर वाढलेलं पोर माझं. शेळीनं त्याला ओळखलं असतं रे, साहेबांनी नाही ओळखलं." सगळे हसत, तोही हसे, आणि पोरगं एक वर्ष घरी बसलं.

त्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एकेका टेबलावर बलुच, लूर, अरब, तुर्क असे सगळे बसत. डबा ज्याच्या त्याच्या घरचा, बोलणं मात्र फारसीत, आणि थट्टा एकमेकांच्या हेलांची. तुर्कांचे विनोद निघाले की अय्यूब सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. जो हसत नाही त्याच्यावर आणखी दोन विनोद होतात, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

आणखी एक गोष्ट होती, ती त्यानं फक्त नाहिदेला सांगितली होती. पण मुलांना भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं. अय्यूब पहिलीत असताना त्याचे गुरुजी फारसीच बोलत. एकदा त्याला लघवीला लागली. बाहेर जाऊ का, हे फारसीत कसं विचारायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. तुर्कीत विचारलं तर छडी. तो बसून राहिला, आणि मग बाक ओला झाला. पाचवीपर्यंत पोरं त्याला ओला अय्यूब म्हणत.

तेव्हा मुलांनो, अय्यूब वाईट बाप नव्हता. आपल्या पोरीचा बाक कोरडा राहावा, एवढंच त्याला हवं होतं.

नाहिदे मात्र चिडली. "आणि ननेचं काय करायचं? रेडिओसारखं बंद करून कोपऱ्यात ठेवायचं?"

अय्यूब आईसमोर जाऊन बसला आणि त्यानं तिला सगळं तुर्कीत समजावून सांगितलं. सांगताना त्याची नजर तिच्या सुयांवर होती, तोंडाकडे नव्हती. ननेनं सगळं ऐकून घेतलं. विणकाम मांडीवर ठेवलं. माझ्यामुळे पोरीचं नुकसान नको, म्हणाली, बर्फात चार-चार महिने मी कोणाशी न बोलता काढलेत, हे काय मोठं. मग तिनं तर्लानला जवळ घेतलं, तिच्या दोन्ही डोळ्यांची पापी घेतली आणि म्हणाली, "जा माझ्या बहिरी ससाण्या, उडून ये." तर्लान म्हणजे तुर्कीत बहिरी ससाणा. त्या घरात मनमोकळेपणानं बोललं गेलेलं हे शेवटचं तुर्की वाक्य.

दुसऱ्या दिवसापासून तर्लाननं आईला आना म्हणायचं सोडलं आणि मामान म्हणायला लागली. नियम सगळ्यांनीच थोडा थोडा मोडला. अय्यूबच्या अंगठ्यावर हातोडी बसली तेव्हा तो तुर्कीतच ओरडला. नाहिदे न्हाणीघरात नळ सोडून बहिणीशी फोनवर बोलायची. एकट्या ननेनं मात्र तो कधी मोडला नाही. भूक लागली की ती पोटावर हात ठेवी. प्रेम दाखवायचं झालं की डोक्यावर. संध्याकाळी तर्लानच्या केसांची वेणी घालताना तिचे ओठ हलत, पण आवाज बाहेर येत नसे.

आणि तर्लान? ती सुरुवातीला रडली. मग तिला त्यात मौज वाटू लागली. तिनं शाळा-शाळा हा खेळ काढला. आपण बाई व्हायची आणि ननेला उंबऱ्यावर विद्यार्थिनी करून बसवायची. उशीवर पट्टी आपटून फारसीत विचारायची, "तुझं नाव काय? हे काय आहे? हा रंग कोणता?"

ननेला फारसीतले दोनच शब्द पाठ झाले. "बले, खानुम." म्हणजे होय, बाई.

"तुझं नाव काय?"

"बले, खानुम."

"भिंतीचा रंग कोणता?"

"बले, खानुम."

"अशानं तू नापास होशील हं," तर्लान कपाळाला हात लावून म्हणायची. नने तोंडावर ओढणी धरून हसायची. बीबी तूबाही हसायची. "अगं, हीच खरी हुशार," ती म्हणायची. "मी नवऱ्याला चाळीस वर्षं एवढंच म्हणत आले, आणि संसार झाला की."

हिवाळा गेला, नव्या वर्षाचा नवरोज आला, नवरोज गेला. तर्लानची फारसी अशी वाहू लागली की बालवर्गाच्या बाई तिला पुढे उभं करून गोष्ट सांगायला लावत. आता तिला तहानही फारसीतच लागे. ननेच्या कुशीत झोपताना तिला कधी कधी काहीतरी सांगावंसं वाटे आणि तुर्की शब्द आठवेना. मग ती मनात म्हणे, परीक्षा झाली की बोलू. परीक्षा झाली की सगळं सांगू.

तपासणी मंगळवारी होती. सोमवारी दुपारी आई बाजारात गेलेली. बीबी तूबा नुकतीच उठून घरी गेली होती. तिच्यासमोर ननेनं डावा हात चोळून दाखवला होता. विणून विणून भरून आला असेल, असं समजून बीबीनं तीळतेल आणून खांद्यापासून बोटांपर्यंत चोळून दिलं होतं. तेलाचा वास उंबऱ्यावर अजून होता. तर्लान चित्रांचं पुस्तक घेऊन ननेजवळ येऊन बसली.

आणि नने बोलली. बले, खानुम सोडून दुसरं काही, नऊ महिन्यांनी पहिल्यांदाच. इतक्या हळू बोलली, की तर्लानला आधी वाटलं दुसरंच कोणी बोलतंय.

"तर्लान, माझा हात दुखतोय गं. फार दुखतोय."

तुर्कीत म्हणाली ती. आणि तर्लाननं काय केलं? तिनं ओठांवर बोट ठेवलं. बाई ठेवतात तसं. मग फारसीत म्हणाली, "शू. नने, तुर्की नाही. उद्या परीक्षा आहे ना? परीक्षा झाली की सांग."

त्यातलं ननेला काही कळलं नाही. बोट तेवढं कळलं. ती नातीकडे बघून हसली, मान डोलावली आणि म्हणाली, "बले, खानुम."

मंगळवारी तर्लानला पाच चित्रं दाखवली. तिसरी शेळी होती. तिच्या ओठांवर आधी तुर्की शब्द आला, कसा कोण जाणे. तिनं तो गिळला आणि फारसी शब्द सांगितला. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "किती गोड बोलते. कुठला म्हणून हेल नाही." बाहेर बाकावर बसलेल्या अय्यूबला कागद दिला, तर त्यानं आधी कागदाची पापी घेतली आणि मग पोरीची.

संध्याकाळी भट्टीवरचे लोक मिठाई खायला आले. चहाचा समोवार उकळत होता, घर भरून गेलं होतं, आणि सगळीकडे फारसी होती. दादमोहम्मदनं तर्लानला विचारलं, "काय गं, शेळी ओळखलीस का?" ती हो म्हणाली. "शाबास," तो म्हणाला, "आता माझ्या पोराची ओळख करून दे तिच्याशी." लोक हसले. नने कोपऱ्यात बसली होती. डावा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्याचा असावा तसा. तिनं तर्लानला खुणेनं बोलावलं आणि बाराव्या जोडीतला एकच मोजा तिच्या हातात दिला. दुसरा अजून सुयांवर होता. उद्या, असं तिनं उजव्या हातानं खुणावलं.

तर्लानला तेव्हाच तिच्याशी बोलायचं होतं. पण पाहुणे होते. उद्या बोलू, ती मनात म्हणाली.

सकाळी तिला कशानं जाग आली, सांगू? आईच्या आवाजानं. आई ननेला हाका मारत होती, मोठमोठ्यानं, आणि तुर्कीत. घरात नऊ महिन्यांनी कोणीतरी मोठ्यानं तुर्की बोलत होतं. डोळे उघडायच्या आधीच तर्लानला कळलं, की काहीतरी भयंकर झालंय.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी, हृदयाच्या दुखण्यानं गेल्या, असं सांगितलं. मग त्यांनी अय्यूबला विचारलं, दोन-चार दिवसांत छातीत किंवा डाव्या हातात दुखतंय असं काही म्हणाल्या होत्या का?

"नाही," अय्यूब म्हणाला. "ती काही बोललीच नाही."

तर्लान आईनं डोक्यावरून पांघरलेल्या चादरीआड उभी होती. तिनं ते ऐकलं. चादरीचं टोक तोंडात धरून ती तशीच उभी राहिली. मुलांनो, त्यात तिचा काही दोष नव्हता. सहा वर्षांची पोर ती, मोठ्यांनी घालून दिलेला नियम पाळत होती. पण हे तिला सांगणार कोण? तिनं कोणाला काही विचारलंच नाही, आणि कोणाला काही ठाऊकही नव्हतं.

ननेची इच्छा होती गावी, आजोबांच्या शेजारी निजायची. पण रस्ता दूरचा, दीड दिवसाचा, आणि ऊन असं की वाळूवर पाय ठरेना. अय्यूबनं फोनवर गावच्या चार माणसांना विचारलं. सगळे म्हणाले, इतक्या उन्हात एवढे हाल करू नकोस म्हातारीचे. मेयबोदच्या कबरस्तानातच जागा घेतली.

आत बायका ननेला अंघोळ घालत होत्या, तेव्हा बाहेरच्या ओट्यावर बीबी तूबा तर्लानला धरून बसली होती. त्या दिवशीही तिच्या पायांत लोकरीचे मोजे होते. तर्लाननं विचारलं, आता ननेला काय करणार? बीबीनं जे असतं ते सांगितलं. मोठ्यांनी मुलांना खोटं सांगू नये असं ती मानायची.

"मातीत ठेवणार. मग आज रात्री तिच्याकडे दोन फरिश्ते येणार आणि प्रश्न विचारणार."

"कसले प्रश्न?"

"तुझा देव कोण, तुझा पैगंबर कोण, तुझं पुस्तक कोणतं, तुझे इमाम कोण. मेलेला माणूस गांगरलेला असतो ना. म्हणून माती लोटायच्या आधी मुल्ला त्याला सगळी उत्तरं सांगून ठेवतो. तुझे बाबा खाली उतरून तिचा खांदा हलवतील, झोपेतून उठवतात तसा, आणि मुल्ला सांगेल."

तर्लाननं विचारलं, "कुठल्या भाषेत सांगतात?"

"अरबीत."

"ननेला अरबी नाही येत."

"मला तरी कुठे येते, बाळ? म्हणून मग आपल्या भाषेतही सांगतात."

"फारसीत?"

"हो."

"बीबी," तर्लान म्हणाली, "ननेला फारसी पण येत नाही. ती नापास होईल. ती सगळ्याला बले, खानुम म्हणेल."

बीबी तूबाला हसू फुटलं आणि लगेच रडूही. तिनं ओढणीनं डोळे पुसले. "देवाला सगळ्या भाषा येतात गं," ती म्हणाली. तर्लानला ते पटलं नाही. देवाला येत असतील. प्रश्न ननेचा होता. आणि तिथं ती बोलणार तरी कोणाशी, सगळे यझदचे लोक निजलेले. हेही तिनं विचारलं. त्याला मात्र बीबीकडे उत्तर होतं. "माझी जागा तिच्या शेजारचीच आहे. राखून ठेवलीय मी. इथं आम्हाला भाषा कुठे लागली, की तिथं लागेल?"

कबरीपाशी वीस-पंचवीस माणसं होती. ऊन डोक्यावर आलेलं. ननेला पांढऱ्या कापडात गुंडाळून खाली ठेवलं. इतकी लहान दिसत होती ती, की तर्लानला वाटलं चुकून दुसऱ्याच कोणाला आणलंय. अय्यूब खाली उतरला. त्यानं तोंडावरची गाठ सैल केली, आईचा गाल मातीला टेकवला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. काठावर मुल्ला बसला. तरुण होता, मेयबोदचाच, आवाज मऊ. त्यानं अरबीत सुरुवात केली. थोडं वाचलं की थांबे, आणि अय्यूब खांदा हलवी.

बीबी तूबा तर्लानच्या कानात अर्थ सांगत होती. "ऐक, सनोबर. समजून घे, बहलूलच्या लेकी. असं म्हणतोय तो."

समजून घे, समजून घे. तर्लान ननेच्या गालाकडे बघत होती. तो शाळा-शाळाच्या खेळात असायचा तसाच होता, काही न कळलेला.

अरबी संपलं. मुल्लानं कपाळ पुसलं आणि म्हणाला, "आता आईला नीट कळावं म्हणून आपल्या भाषेत सांगतो." आणि त्यानं फारसीत सांगायला सुरुवात केली. माते, घाबरू नकोस. दोघे येतील, तुला विचारतील. किती मायेनं सांगत होता तो. त्याची काही चूक नव्हती. आपली भाषा म्हणजे सगळ्यांची भाषा, असं त्याला मनापासून वाटत होतं.

तर्लाननं आईची चादर ओढली. "तिला कळत नाहीये."

"गप, राणी. बाबा आहेत ना."

तर्लाननं बाबांकडे पाहिलं. अय्यूब आईच्या कानाशी वाकला होता. त्यालाही ते कळलं होतं. त्यानं तोंड उघडलं, आणि बाहेर पडला तो फारसी शब्द. नऊ महिन्यांची सवय. तो थबकला. पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, वेणी घालताना ननेचे हलत तसे, आणि आवाज आलाच नाही. त्याचा हात खांद्यावर तसाच राहिला. काठावरून कोणीतरी म्हणालं, अय्यूब, आता वर ये, ऊन फार झालंय. वर झाकायच्या लाद्या घेऊन दोघं पुढे आले. पहिली लादी दादमोहम्मदच्या हातात होती.

तेव्हा तर्लान आईच्या हातातून सुटली. नवा काळा फ्रॉक घालून ती कबरीच्या काठावर, तापलेल्या मातीत, पालथी झोपली आणि तिनं डोकं आत वाकवलं. कोणीतरी तिला उचलायला वाकलं. दादमोहम्मद म्हणाला, "राहू द्या तिला." त्यानं लादी उभी टेकवली आणि ती धरून उभा राहिला.

"नने," तर्लान म्हणाली. पुढचा शब्द फारसी आला. तिनं तो गिळला, शेळीच्या वेळी गिळला होता तसाच, फक्त या वेळी दुसऱ्या बाजूनं. मग हळूहळू, एकेक शब्द शोधत, ती तुर्कीत बोलू लागली.

"नने, मी तर्लान. ऐक. रात्री दोघं येतील. ते बाईंसारखे आहेत, मारत नाहीत. देव कोण विचारलं की देव एकच म्हण. पुस्तक कुठलं विचारलं की कुराण म्हण. ते तुझ्या कोनाड्यात ठेवलेलं असतं ना, हिरव्या कापडात, ते. बले, खानुम म्हणू नकोस हं. तुर्कीतच सांग. मोठ्यानं सांग. तुला कोणी काही म्हणणार नाही."

खाली अय्यूबचा हात हलला. पोरीच्या प्रत्येक वाक्याला तो आईचा खांदा हलवू लागला, मुल्लाच्या वेळी हलवत होता तसाच. तो रडत होता, पण एकदाही चुकला नाही. मुल्लानं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं होतं.

तर्लानचं सांगून झालं. लोकांना वाटलं आता ती उठेल. ती उठली नाही. आणखी पुढे सरकली, इतकी की आईला तिचे पाय धरावे लागले, आणि अगदी हळू, फक्त ननेला ऐकू जाईल असं, तुर्कीतच तिनं विचारलं,

"नने, हात कुठे दुखतोय? सांग आता. झाली माझी परीक्षा."

आणि उत्तर ऐकू यावं म्हणून तिनं कान खाली केला.